पायातले तीन काळे दाणे

चहा येईपर्यंत सांगून टाकतो, म्हणजे एकदाचं मनावरचं ओझं उतरेल. हसायचं असेल तर खुशाल हसा. पण मधेच हसू नका. मी एकदा थांबलो की पुन्हा सांगायची हिंमत व्हायची नाही. माझ्या हातून झालेल्या गाढवपणांची यादी तशी लांबलचक आहे, पण या भानगडीत रोगी मीच, तपासणाराही मीच आणि तोंडघशी पडणाराही मीच!

सगळे मला डॉक्टर म्हणतात म्हणून लगेच नाडी पुढं करू नका. मी गोळ्या देणारा डॉक्टर नाही. पीएच.डी.वाला. आपल्या संभाजीनगरातल्याच एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात मातीत बोटं घालतो. खरंच मातीत. आमचा विषय आहे 'मदुरा पाय'. ऐकलंय कधी नाव? नाही ना? कुणीच ऐकलेलं नसतं. म्हणून तर त्याला दुर्लक्षित रोग म्हणतात!

मातीत एक बुरशी असते. अनवाणी माणसाच्या पायात बाभळीचा काटा मोडला की ती काट्याबरोबर आत शिरते. माणूस काटा काढून टाकतो, विसरतो. बुरशी मात्र आत बिऱ्हाड थाटते. कितीतरी महिने नुसती एक गाठ. दुखत नाही, खुपत नाही. मग हळूहळू पाय सुजतो, त्याला भोकं पडतात आणि त्यातून बारीक काळे दाणे बाहेर यायला लागतात. वेळेवर औषध मिळालं तर ठीक, नाहीतर पाय कापायची पाळी येते. आणि होतो कुणाला? मेंढरांमागं फिरणाऱ्याला, दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्याला. ज्याच्या पायाकडं कुणी बघत नाही त्याला.

तर या बुरशीसाठी मी सोयगाव तालुक्यात, फर्दापूरच्या आसपास माळामाळानं फिरतो. माती गोळा करतो, बाभळीचे काटे वेचतो. माझी सासुरवाडी त्याच तालुक्यात. तिथल्या लोकांनी मला पहिल्यांदा काटे वेचताना पाहिलं तेव्हा माझ्या मेहुण्याला, गजाननला, बाजूला घेऊन विचारलं होतं, "पाव्हण्याचं समदं ठीक हाय ना?"

गेल्या दिवाळीनंतर अशाच एका फेरीत काटा माझ्या सँडलच्या तळातून आरपार आला आणि उजव्या पायाच्या चवड्यात घुसला. मी काय केलं असेल? पाय धुतला? छे! आधी काटा पिशवीत घातला, पिशवीवर नंबर टाकला, तारीख लिहिली आणि मग पायाकडं बघितलं. नमुना वाया जाऊ नये हो!

पुढं सहा-सात महिन्यांनी त्याच चवड्यात एक कडक गाठ आली.

आता खरं सांगायचं तर ती गाठ दुखत होती. मदुरा पायाची गाठ सुरुवातीला दुखत नाही हे मी दरवर्षी वर्गात घसा फोडून सांगतो. शिवाय त्याच सुमारास मी नवे काळे बूट घेतले होते, पुढून निमुळते, साहेबी थाटाचे. ते घातले की चवडा शिकंज्यात सापडल्यासारखा व्हायचा. पण माणूस घाबरला की पदवी आधी पळते, माणूस मागून. मी बुटाकडं बघितलंच नाही. गाठीकडंच बघत बसलो.

एका शनिवारी तर कहर केला. बाथरूममध्ये बसून दाढीच्या ब्लेडनं गाठ तासली. रक्त आलं. बायको वैशाली धावत आली, मला जे बोलायचं ते बोलली, मलम लावलं, कापूस ठेवला आणि वरून पट्टी गुंडाळली.

त्याच आठवड्यात सासूबाई डोळे दाखवायला आमच्याकडं आल्या होत्या. आम्ही राहतो चिकलठाण्याच्या बाजूला, नव्या सोसायटीत. सासूबाईंना मी मामी म्हणतो, आमच्याकडं तशीच पद्धत. मामी माझ्याशी थेट बोलत नाहीत. मी समोर बसलेला असलो तरी सगळा कारभार वैशालीमार्फत.

"वैशाले, जावई लंगडतेत का गं?"

"हो आई. पायाला गाठ झालीय."

"काय झालं म्हनावं?"

"काही नाही मामी, बरं होईल," मी म्हणालो.

"त्यांना म्हनावं, नव्या बुटाची वरच्या मजल्यावालीनं लई तारीफ केली व्हती परवा. मला तवाच खटकलं."

मी हसलो. आमच्या घरात नजर, दृष्ट असल्या गोष्टींना बंदी आहे. मीच घातलेली. विज्ञानवाला माणूस ना मी!

रविवारी दुपारी जेवून दिवाणावर आडवा झालो. पंखा पाचवर. दीड तास गाढ झोपलो. त्या दीड तासात माझ्या पायाशी काय घडलं ते मला चार दिवसांनी कळलं. तुम्हालाही तेव्हाच कळेल.

सोमवारी सकाळी लॅबमध्ये गेलो. पट्टी ढिली झाली होती म्हणून खुर्चीवर पाय घेऊन सोडली. कापूस उचलला.

आणि तो खिडकीपाशी उजेडात धरला.

कापसावर रक्त होतं, मलम होतं आणि त्यात चिकटलेले तीन दाणे होते. काळे, गोल, बुळबुळीत.

मित्रांनो, दहा वर्षं मी हे दाणे पुस्तकात पाहिले, बाटलीत पाहिले, लोकांच्या पायात पाहिले. स्वतःच्या पायात बघायची माझी तयारी नव्हती. भिंतीवर आमचाच तक्ता लावलेला होता, 'काळे दाणे दिसल्यास त्वरित संपर्क साधा'. खाली नंबर कुणाचा? माझाच!

आमच्या लॅबमध्ये जब्बारभाई आहेत. माझ्याही आधीपासूनचे. बाटल्या, काचा, डिशा, सगळं त्यांच्या हातातलं. त्यांनी माझं तोंड बघितलं.

"क्या हुआ सर? तबियत खराब है क्या?"

मी बोटानं नुसतं कापसाकडं दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं. मग माझ्या पायाकडं बघितलं. मग पुन्हा कापसाकडं.

"या अल्ला," ते म्हणाले. "ये आपके पाँव से निकले?"

मी मान हलवली.

आता इथं नीट ऐका, कारण माझा गाढवपणा नेमका इथं आहे. दाणा मिळाला की पहिलं काम काय? तो काचेवर घ्यायचा, चेचायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. दोन मिनिटांचं काम. हे मी प्रत्येक बॅचला इतक्या वेळा सांगतो की पोरं माझी नक्कल करताना हेच वाक्य म्हणतात.

जब्बारभाई म्हणाले, "सर, एक दाना चेप के देख लेते ना. आपीच तो बोलते हमेशा."

मी त्यांच्यावर खेकसलो! "तीनच आहेत जब्बारभाई! एक चेपला तर दोनच राहतील!"

मी घाबरलो होतो हे खरं. पण खोटं कशाला बोलू, त्या भीतीच्या तळाशी आणखी एक किडा वळवळत होता. वाटलं, हे दाणे जरा वेगळेच दिसतायत. फारच गोल. फारच गुळगुळीत. एखादी नवीनच जात तर नसेल? पाय जातोय तर जातोय, पण बुरशीला आपलं नाव तरी लागेल! बघा, पाय कापायची वेळ आली तरी माणसाचा हावरेपणा जात नाही.

मग मी ते तिन्ही दाणे चिमट्यानं उचलले, धुतले आणि बुरशी वाढवायच्या डिशमध्ये एकेक करून ठेवले. जेलीसारखं पोषक खाद्य असतं त्यात. वर झाकण लावलं. झाकणावर माझंच नाव लिहिलं. लिहिताना डोळ्यात पाणी आलं हो.

आमच्या विभागप्रमुख मॅडम तेव्हा परिषदेसाठी नागपूरला होत्या. मी फोन लावला.

"मॅडम, माझ्या पायातून दाणे आलेत."

त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. मॅडमचा आवाज मऊ झाला की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

"काळे?"

"काळे."

"चेचून बघितलेस ना प्रशांत?"

आणि मी म्हणालो, "हो मॅडम."

का म्हणालो? मला आजवर कळलेलं नाही. लहानपणी गृहपाठ केला का विचारल्यावर जसं 'हो' निघून जायचं, तसंच निघालं.

"धागे दिसले?"

आता मागं कसं फिरणार? "दिसले," म्हणालो.

संपलं! मॅडमनी तिथूनच दवाखान्यातल्या सर्जनना फोन केला. ते त्यांच्या ओळखीतले. गुरुवारी सकाळी मी भरती व्हायचं, गाठीचा तुकडा काढायचा, पुढं काय कापायचं ते नंतर ठरवायचं. मॅडम परिषद अर्धी टाकून परत यायला निघणार होत्या. मी "राहू द्या मॅडम" म्हणालो, तर म्हणाल्या, "अरे, तू आमचा माणूस आहेस." मला आणखीच रडू आलं.

घरी येऊन वैशालीला सांगितलं. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "तुला किती वेळा म्हटलं होतं बूट घालून जात जा रानात." आणि पदर तोंडाला लावला. स्वयंपाकघराच्या दारात मामी उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि गावाला फोन लावला. मला एवढंच ऐकू आलं, "गजा, जावयाचा पाय जातोय रं!"

झालं. सोयगावच्या बाजारात संध्याकाळपर्यंत माझा पाय गुडघ्यापासून गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मांडीपासून!

मंगळवारी दुपारी गजानन हजर. काखेत दोन कुबड्या. गावातल्या कुणाच्या तरी माळ्यावर पडलेल्या.

"दाजी, आत्तापासनं सवय करून घ्या. नंतर लई जड जातं म्हणतेत."

"अरे, पण अजून पाय आहे मला!"

"म्हणून तर! पाय हाय तवर शिकायला सोपं जातं."

वाद घालायचं त्राण नव्हतं. मी हॉलमध्ये कुबड्यांवर येरझाऱ्या घालायला लागलो. त्या माझ्या उंचीला चार बोटं कमी होत्या, त्यामुळं मी वाकून चालायचो. वैशाली बघायची आणि आत जाऊन रडायची.

बुधवारी मी वैशालीला घर समजावून सांगायला घेतलं. पाण्याच्या मोटारीचं कुठलं बटण, गॅसवाल्याला कसं बोलायचं, वाय-फाय बंद पडलं तर कुठली वायर उपसून पुन्हा लावायची. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हे सगळं मीच करते रे. तुला कधीपासून माहीत आहे?"

हसू नका. हसायला अजून वेळ आहे.

कारण त्या तीन दिवसांत एक गोष्ट झाली, ती हसण्यासारखी नाही. गेल्या दहा वर्षांत माझ्यासमोर किती पाय आले! धोतराचा सोगा वर करून कुणी पाय पुढं केला की मी वाकून बघायचो आणि म्हणायचो, "ऑपरेशन करावं लागेल." उद्या पाऊस येईल म्हणावं, तशा आवाजात. मग फोटो घ्यायचो, बाटलीत दाणा घ्यायचो, निघायचो. त्या माणसानं त्या रात्री जेवण केलं का, बायकोला काय सांगितलं, मेंढरं कुणाच्या भरवशावर सोडली, मी कधी विचारलंच नव्हतं. आता मी स्वतःच्या पायाच्या बोटांना एकेक करून हात लावून बघत होतो. करंगळीचं मला कधी नव्हे ते प्रेम आलं होतं. आपल्याकडं एवढी देखणी करंगळी आहे, आपल्याला माहीतच नाही!

गुरुवार उजाडला. दवाखान्यात जाण्याआधी डिश सोबत घ्यावी म्हणून मी लॅबमध्ये गेलो. कुबड्यांवर. सोबत गजानन, हातात पिशवी, पिशवीत टॉवेल, तांब्या आणि केळी. मॅडम पहाटेच आल्या होत्या, त्या थेट लॅबमध्ये. मला कुबड्यांवर बघून त्यांनी तोंड फिरवलं आणि चष्मा पुसला.

"जब्बारभाई, याची डिश काढा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तीन दिवसांत या बुरशीचं काही दिसणार नाही, तरी घेऊन जाऊ."

जब्बारभाईंनी कपाट उघडलं. डिश हातात घेतली. उजेडात धरली. मग जवळ नेली. मग चष्मा कपाळावर सरकवून आणखी जवळ नेली.

"सर," ते म्हणाले.

"काय झालं? पसरली का?"

"सर, आपकी बीमारी को पत्ते आ गये."

"काय?"

"पत्ते, सर. दो-दो. हौ, खुदा की कसम."

मॅडमनी डिश घेतली. मी कुबड्या टाकून धावलो. हो, धावलो! झाकणाखाली तीन पांढरट देठ वळून उभे होते आणि प्रत्येकाच्या टोकाला बदामाच्या आकाराची दोन इवलीशी पिवळट पानं होती. झाकणाला टेकून माना वाकवून उभी होती बिचारी. आणि बरोबर त्यांच्या डोक्यावर माझं नाव.

गजानन मागून डोकावला. त्याच्याकडं बारा एकर शेती आहे. त्यानं फक्त एकदा बघितलं.

"मोहरी हाय ही," तो म्हणाला. "उगवण बाकी चांगली हाय, दाजी. तीनाला तीन!"

मॅडमनी डिश टेबलावर ठेवली. अगदी सावकाश.

"प्रशांत."

"मॅडम."

"तू दाणा चेचून बघितला होतास."

"मॅडम..."

"आणि तुला त्यात धागे दिसले होते."

मी जमिनीकडं बघितलं. माझे दोन पाय दिसले. दोन्ही जागेवर होते. आणि मी एकदम तिथंच खाली फतकल मारून बसलो आणि हसायला लागलो. हसता हसता रडायला लागलो. आधी जब्बारभाई हसले. मग गजानन. मॅडम बराच वेळ घट्ट ओठ दाबून उभ्या होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. शेवटी त्यांनी तोंडावर रुमाल धरला आणि बाहेर गेल्या. व्हरांड्यातून त्यांचा जो आवाज आला तो माणसाचा वाटत नव्हता.

तरी त्यांनी मला सर्जनकडं पाठवलंच. सर्जननी गाठ दाबली, बुटाकडं बघितलं आणि म्हणाले, "कुरूप आहे. हे बूट कुणाला तरी देऊन टाका. शत्रू असेल तर उत्तम."

कुरूप! लोक चांभाराकडं बूट सैल करून घेतात आणि मोकळे होतात त्या कुरुपासाठी मी घरदार रडवलं होतं!

घरी आलो तर जिना दोन-दोन पायऱ्या चढलो. वैशालीनं दार उघडलं. मी नुसता पाय वर करून दाखवला. तिनं सगळं ऐकून घेतलं, मला मिठी मारली आणि मग पाठीत एक जोरदार धपाटा घातला. त्याचा वळ दोन दिवस होता.

"पण पट्टीत मोहरी आली कुठून?" ती म्हणाली.

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला.

मामी बाहेर आल्या. माझ्याकडं न बघता वैशालीला म्हणाल्या, "सांग त्यांना. आयतवारी ते घोरत व्हते तवा म्या मीठ-मोहरी उतरवली पायावरनं. जागेपणी करू देत नायती, म्हनून झोपेत. वर पंखा भणभणत व्हता. उडली आसंल एक-दोन ढिल्या पट्टीत."

"तीन," मी म्हणालो.

"तीन तर तीन."

"मामी, तुमच्या त्या तीन दाण्यांनी माझा पाय जाणार होता!"

पहिल्यांदाच, लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच, मामींनी माझ्याकडं थेट बघितलं.

"आन् गेला का?"

"नाही."

"रोग व्हता, दृष्ट काढली, रोग गेला. मंग माझं काय चुकलं?"

मी तोंड उघडलं. दहा वर्षांचा अभ्यास, पीएच.डी., तीनशे पानांचा प्रबंध, सगळं आठवून बघितलं. मग स्वयंपाकघरात जाऊन ते पडलेलं भांडं उचललं.

मामी गावी गेल्या आणि त्यांनी ही हकीकत गावभर सांगितली. त्यांच्या पद्धतीनं. जावयाच्या पायातनं काळे दाणे निघाले, शेराचे डॉक्टर पाय कापायला टेकले होते, मोहरी उतरवली आणि पाय जागच्या जागी! मला कळलं तेव्हा मी डोक्याला हात लावला. म्हटलं, आता खरे रोगी दवाखाना सोडून मोहरी उतरवत बसणार. मी फोन करून मामींना कळकळीनं समजावलं. त्या "व्हय, व्हय" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तीन आठवडे गेले. एक दिवस लॅबच्या दारात गजानन उभा. सोबत एक धनगर, डोक्याला पागोटं, साठीच्या पुढचा. उजव्या पायाला फडकं गुंडाळलेलं.

"दाजी, हे सखाहारीबाबा. आईकडं आले व्हते, मोहरी उतरवायला. आईनं पाय बघितला आन् म्हनली, 'हे माझ्या मोहरीचं काम न्हाई. जावयाकडं जा.'"

सखाहारीबाबांना मी बघितलेलं होतं! त्यांच्या वाड्यावर, मेंढरांच्या शेजारी बसून मी दोनदा चहा प्यालो होतो. त्यांच्या दारातली माती नेली होती, काटे नेले होते. "घरात कुणाच्या पायाला गाठ?" विचारलं होतं. ते "न्हाई" म्हणाले होते. दोन्ही वेळा ते घोंगडं पायावर ओढून बसले होते, आणि भर उन्हाळ्यात माणूस पायावर घोंगडं का घेतो, हे या शास्त्रज्ञाच्या डोक्यात आलं नव्हतं.

फडकं सोडलं. पाय सुजून गोळा झाला होता. तीन भोकं. आणि काळे दाणे. खरे.

"बाबा, मी आलो होतो तेव्हा का नाही दाखवलं?"

"भ्या वाटलं. तुमी कापून न्याल म्हनलं. मंग ऐकलं, ह्या सरांचा बी पाय असाच व्हता आन् ते चालतेत. म्हनलं, ह्यानला इचारावं, कसं काय बरं झालं."

आता आली का पंचाईत! खरं सांगितलं तर हा माणूस उठून जायचा. खोटं सांगून एकदा माझी काय गत झाली होती ते तुम्ही ऐकलंच. मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. बूट, ब्लेड, मोहरी, कुबड्या, पानं. सगळं.

सखाहारीबाबा आ वासून ऐकत होते. मग त्यांचं खोकल्यासारखं काहीतरी सुरू झालं. ते हसत होते. पागोटं काढून डोळे पुसत हसत होते.

"मोहरीच्या दाण्यापायी रडलात व्हय तुमी?" ते म्हणाले. "म्या सा वरसं ह्यो पाय घेऊन मेंढरामागं फिरतोय!"

मी त्यांच्यासोबत सर्जनकडं गेलो. या वेळी बाहेर थांबलो नाही, शेजारी बसलो. सर्जननी बराच वेळ तपासलं, फोटो बघितले, हाड बघितलं. पुढचं आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुमचाही जीव भांड्यात पडेल. हाड शाबूत होतं. पाय वाचला. एक छोटं ऑपरेशन झालं, गोळ्या अजून चालू आहेत, वर्षभर तरी चालतील. पण परवाच गजाननच्या फोनवर त्यांचा फोटो आला, मेंढरांमध्ये उभे आहेत. आणि त्यांचं बघून त्यांच्याच वाड्यावरची आणखी दोन माणसं पुढच्या महिन्यात पाय दाखवायला येतायत.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलंच. सर्जननी जखमेतून चार दाणे काढले आणि बाटलीत घातले.

"हे दाणे तपासायला पाठवायचे," ते म्हणाले. "कुठली बुरशी आहे ते कळलं की गोळ्या ठरवू."

"कुटं पाठवताय?" सखाहारीबाबांनी विचारलं.

"हे सर आहेत ना, यांच्याकडंच. यांचा तर हाच विषय."

सखाहारीबाबांनी माझ्याकडं बघितलं. बाटलीकडं बघितलं. मग पुढं होऊन बाटली सर्जनच्या हातातून काढून घेतली आणि मुठीत घट्ट धरली.

"डॉक्टरसायेब, पाय कापायचा तर कापा, पर माझे दाणे ह्या सरांच्या हाती देऊ नका. ते पेरत्याल!"